पुन्हा भरलेल्या रायफल काडतुसांच्या पुंगळ्या: अडणं, चिरणं, तुटणं कुठून सुरू होतं आणि कसं थांबवायचं

बोल्ट जड चालला, मान चिरली, किंवा बार झाल्यावर पुंगळीचं (काडतुसाच्या पितळी कवचाचं) बूड बाहेर आलं आणि बाकीचं अंग चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या जागेतच राहिलं, की बहुतेक जण आधी दारूचं माप बदलतात. चूक तिथेच होते. यातल्या बऱ्याच तक्रारी दारू आत पडण्याआधीच, कामाच्या टेबलावर जन्माला आलेल्या असतात. डाय (पुंगळी दाबून आकारात आणणारा साचा) गरजेपेक्षा खाली उतरवलेला असतो, लांबी चुकीच्या वेळी मोजलेली असते किंवा पितळ कडक झालेलं असतं. म्हणून आधी पुंगळी वाचायची, मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

हा लेख अमेरिकेत स्वतः काडतुसं भरणाऱ्या मराठी नेमबाजांसाठी आणि शिकाऱ्यांसाठी आहे. उदाहरण बोल्ट अॅक्शन रायफलमधल्या .३०८ विंचेस्टरचं घेतलं आहे. एआर-१५ मधल्या .२२३ रेमिंग्टनला जिथे वेगळं वागावं लागतं तिथे तसं सांगितलं आहे. दारूचं माप इथे मिळणार नाही, ते छापील लोडिंग मॅन्युअलमधूनच घ्यायचं. भारतात परवान्याशिवाय काडतुसं बनवणं १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा गावी गेल्यावर यातलं काही करून पाहू नका.

पुंगळीच्या भागांची नावं आधी ठरवून घेऊ. गोळी धरणारा अरुंद भाग म्हणजे मान आणि तिचा काठ म्हणजे तोंड. मानेखालचा उतार म्हणजे खांदा, त्याखाली अंग आणि सगळ्यात खाली भरीव बूड, ज्यात प्रायमरचा, म्हणजे दारू पेटवणाऱ्या टोपीचा, खळगा असतो. मोजमाप थाऊमध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात दिलं आहे.

## तयारी: टेबलावर काय हवं

एक थाऊ बिनचूक दाखवणारा व्हर्नियर, खांद्यापर्यंतची लांबी मोजायला त्यावर बसणारा कंपॅरेटर, फक्त प्रायमर काढणारा डीकॅपिंग डाय, पूर्ण पुंगळी दाबणारा फुल-लेंग्थ डाय, लांबी कापणारा ट्रिमर, तोंडाची धार मारायचं हत्यार, काळा मार्कर, चांगला उजेड आणि डोळ्यांवर चष्मा. याशिवाय एक कागदाची क्लिप सरळ करून तिचं टोक दोनेक मिलिमीटर काटकोनात वाकवा आणि कानशीने टोकदार करा. पुंगळी आतून पातळ झाली आहे का, हे सांगणारं यापेक्षा स्वस्त हत्यार नाही.

कंपॅरेटर नसेल तर काम सुरूच करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. खांदा किती मागे ढकलला जातोय हे डोळ्यांना दिसत नाही आणि बोटांना कळत नाही. नवीन डाय घेण्याआधी पैसे इथे घाला.

इशारा: जळलेल्या प्रायमरच्या राखेत शिसं असतं. हे काम स्वयंपाकघरात, मोरीत किंवा मुलं खेळतात त्या खोलीत करायचं नाही. घरातली भांडी, गाळणी, चाळणी वापरायची नाहीत. काम संपल्यावर हात साबणाने धुवा, त्याआधी काही खाऊ नका.

आधी हे तपासा: त्याच रायफलमध्ये कंपनीची नवी काडतुसंही जड जातात का? जात असतील तर दोष पुंगळीत नाही. चेंबर घाण असेल किंवा रायफल गनस्मिथला दाखवायची वेळ आली असेल. ही तपासणी रेंजवर करा, घरात जिवंत काडतूस चेंबरमध्ये घालू नका.

## टप्पा १: निवडा आणि टाकून द्या

बुडावरचे शिक्के पाहून पुंगळ्या वेगळ्या करा. एकाच कंपनीच्या, शक्यतो एकाच खोक्यातल्या आणि तितक्याच वेळा झाडलेल्या पुंगळ्या एकत्र ठेवा. मिसळलेल्या ढिगात दोष शोधता येत नाही, कारण प्रत्येक पुंगळी वेगळं उत्तर देते. शिवाय .३०८ चं लष्करी रूप असलेल्या ७.६२ च्या पुंगळ्यांच्या भिंती सहसा जाड असतात, म्हणजे आत जागा कमी. तेवढीच दारू अशा पुंगळीत घातली की दाब वाढतो. पुंगळीची जात बदलली की मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या मापावर परत जायचं.

रेंजवर जमिनीवरून उचललेल्या पुंगळ्या किती वेळा आणि कुठल्या रायफलमध्ये झाडल्या गेल्या हे कळायला मार्ग नाही. त्यांचा ढीग कायम वेगळा ठेवा.

आता प्रत्येक पुंगळी उजेडात फिरवून पाहा. मानेवर किंवा अंगावर उभी चीर दिसली तर पुंगळी बाद. बुडाच्या जरा वर, साधारण एक सेंटिमीटरच्या आसपास, आडवी चकचकीत रेघ दिसली तर थांबा. इथे दोन गोष्टींची गल्लत होते. डाय जिथपर्यंत उतरतो तिथेही बाहेरून एक चमकदार कड दिसते आणि ती निरुपद्रवी असते. धोक्याची रेघ आतल्या बाजूने सुरू होते. बाहेरून दिसायला लागेपर्यंत भिंत बरीच पातळ झालेली असते.

फरक ओळखायला क्लिपची तार आत घाला, टोक भिंतीला टेकवा आणि बुडापासून हळूहळू वर ओढा. टोक गुळगुळीत सरकलं तर ठीक. एका जागी खाचेत अडकल्यासारखं झालं तर ती पुंगळी पुढच्या बाराला बुडाजवळ तुटणार. त्या गटातल्या सगळ्या पुंगळ्या तारेने तपासा. दोन-चार सापडल्या तर मी तो पूर्ण गट भंगारात काढतो, कारण बाकीच्यांवरही तेवढाच ताण पडलेला असतो. शंका असेल तर एक पुंगळी उभी कापून पाहा. बूड जिथे संपतं तिथे भिंतीत आतून गोल चर दिसेल.

बाद पुंगळीचं तोंड लगेच पकडीने चेपून टाका. न चेपलेली बाद पुंगळी कधी ना कधी चांगल्यांच्या डब्यात परत येते.

## टप्पा २: प्रायमर काढा, मग धुवा

मोजण्याआधी जुना प्रायमर काढायचा. झाडलेला प्रायमर बुडाच्या पातळीपेक्षा किंचित वर आलेला असू शकतो. तसाच ठेवून मोजलं तर आकडा दोन-तीन थाऊंनी खोटा येतो आणि त्यावर लावलेला डायही चुकतो. साइझिंग डायने (पुंगळी दाबून परत लहान करणाऱ्या डायने) नव्हे, फक्त डीकॅपिंग डायने काढा. पुंगळीचा झाडल्यानंतरचा आकार आपल्याला अजून मोजायचा आहे. प्रायमरची सुई अडली तर जोर लावू नका, आत डोकावा. दोन बारीक भोकं दिसली तर ती बर्डन पद्धतीची पुंगळी आहे आणि तिथे ही सुई मोडेल.

साफसफाईसाठी मक्याच्या कणसाचा भुसा किंवा अक्रोडाच्या टरफलाचा चुरा पुरे. कोरड्या टंबलरची धूळ शिशाची असते, म्हणून झाकण घराबाहेर उघडा. पाणी आणि स्टीलच्या पिना वापरत असाल तर प्रत्येक पुंगळी उलटी करून ठोका, कारण एखादी पिन आत राहते. पुंगळ्या पूर्ण वाळल्याशिवाय पुढे जाऊ नका. पिनांमध्ये फार वेळ फिरवलेल्या पुंगळ्यांची तोंडं ठोकली जाऊन आत वळतात, ती पुढे धार मारताना साफ करावी लागतात.

इशारा: अमोनिया असलेलं पॉलिश पितळाला लावू नका. ताणाखालच्या पितळाला अमोनियाने आतून भेगा पडतात. इंग्रजांच्या काळात भारतात पावसाळ्यात तबेल्यांमध्ये साठवलेली काडतुसं अशीच आपोआप चिरायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि दमट हवा हे त्याचं कारण १९२१ मध्ये समजलं. चकाकीसाठी पुंगळी कमकुवत करण्यात काही शहाणपण नाही.

## टप्पा ३: झाडलेली पुंगळी मोजा आणि आकडा लिहून ठेवा

हा टप्पा सगळ्यात जास्त वेळा वगळला जातो. बुडापासून खांद्यावरच्या ठरलेल्या व्यासापर्यंतची लांबी कंपॅरेटरने मोजा. .३०८ साठी हा व्यास .४०० इंच आणि .२२३ साठी .३३० इंच असतो. पाच-सहा पुंगळ्या मोजा आणि त्यातला सगळ्यात मोठा, पण पुन्हा पुन्हा येणारा आकडा धरा.

एकदाच झाडलेली पुंगळी चेंबरभर फुगलेली असेलच असं नाही. दोन-तीनदा झाडलेली, बोल्ट बंद करताना किंचित जाणवणारी पुंगळी खरा आकडा देते.

मापदंड म्हणून लक्षात ठेवा: .३०८ चं चेंबर तपासायचा गो गेज (ज्यावर बोल्ट बंद व्हायला हवा) १.६३० इंचाचा आणि नो-गो (ज्यावर होता कामा नये) १.६३४ चा असतो. पण तुमच्या कंपॅरेटरवरचा आकडा या आकड्यांशी तंतोतंत जुळेलच असं नाही. प्रत्येक कंपॅरेटरच्या भोकाची कड वेगळी असते. मित्राच्या कंपॅरेटरवरचा आकडा तुमच्या कामाचा नाही. झाडलेली आणि साइझ केलेली पुंगळी एकाच कंपॅरेटरवर मोजा, म्हणजे फरक खरा येतो.

## टप्पा ४: अडतंय नेमकं कुठे?

साइझ केलेली रिकामी पुंगळी चेंबरमध्ये जड जात असेल तर अंदाज बांधू नका. तिच्या मानेवर, खांद्यावर आणि अंगाच्या खालच्या भागावर काळा मार्कर फिरवा, वाळू द्या, चेंबरमध्ये घाला, बोल्ट बंद करून उघडा आणि पुंगळी बाहेर काढून पाहा. शाई जिथे घासली गेली तिथे अडतंय.

तपासा: मॅगझिन काढलेलं, चेंबर रिकामं, खोलीत जिवंत काडतूस नाही आणि हातातल्या पुंगळीत ना प्रायमर ना दारू. बोल्टमधून फायरिंग पिन आणि इजेक्टर (पुंगळी बाहेर फेकणारा भाग) काढता येत असेल तर काढा. स्प्रिंगचा जोर गेल्यावर बोल्टचा दांडा स्वतःच्या वजनाने खाली पडतो का, हे स्वच्छ कळतं.

आता शाई वाचा.

खांद्यावर सगळीकडे घासली असेल तर खांदा पुरेसा मागे गेलेला नाही. उपाय टप्पा ७ मध्ये.

खांदा आणि अंग मिळतात त्या कोपऱ्यावरच चमक असेल आणि तिथे पुंगळी किंचित फुगलेली वाटत असेल, तर गोळी बसवताना किंवा क्रिंप करताना (तोंड गोळीवर आवळताना) तोंडावर जादा दाब आला आहे. हे गोळी बसवल्यावर दिसतं, पण तपासायच्या पुंगळीत तेव्हाही प्रायमर आणि दारू नको. गोळी बसवणारा सीटिंग डाय थोडा वर घ्या. लांबी कमी-जास्त असलेल्या पुंगळ्यांना क्रिंप करताना हे हमखास होतं.

तोंडाच्या काठावर घासली असेल तर पुंगळी लांब झाली आहे. हा सगळ्यात धोकादायक प्रकार आहे, कारण चेंबरच्या टोकाशी तोंड गोळीभोवती दाबलं जातं. मग गोळी सुटायला अडते आणि दाब उसळतो. टप्पा ९ पाहा.

बुडाच्या लगेच वर घासली असेल तर तिथलं पितळ फुगून परत आलेलं नाही. बोल्ट उघडताना दांडा अगदी वर आल्यावर खट्कन अडतो, ती याच दोषाची खूण. नेहमीचा डाय तिथपर्यंत पुरेसा दाबत नाही, त्यासाठी बुडाजवळ जास्त दाबणारा स्मॉल-बेस डाय लागतो. दुसऱ्याच्या मोठ्या चेंबरमध्ये झाडलेल्या पुंगळ्यांत हे फार दिसतं.

## टप्पा ५: मान कडक झाली असेल तर अॅनीलिंग

काडतुसाच्या पितळात सुमारे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असतं. हे पितळ दर वेळी फुगताना आणि दाबताना कडक होत जातं. कडक मान चिरते, गोळी कमी-जास्त घट्ट धरते आणि डायमधून निघाल्यावर जास्त परत फुगते. काही मानांना चिरा दिसू लागल्या तर उरलेल्या तापवून मऊ करा, म्हणजेच त्यांचं अॅनीलिंग करा. चिरलेली मान अॅनीलिंगने सांधत नाही.

हे साइझिंगच्या आधी करायचं, नंतर नाही. मऊ मान डायमधून गेली की एकसारखी बसते.

मान आणि खांदा गॅसच्या ज्योतीवर काही सेकंद गोल फिरवत तापवायचा. ७५० अंश फॅरनहाइटला (सुमारे ४०० अंश सेल्सिअसला) वितळणारी टेम्पिलॅक ही तापमान दाखवणारी शाई मानेच्या आत लावा. ती वितळली की बाहेर काढा. खोली अंधारी ठेवली तर ज्योतीत पुंगळीच्या तोंडावर किंचित लाली येताना दिसते, ती दिसली की लगेच थांबा. लालभडक झाली म्हणजे जास्त झालं.

बूड मऊ झालं तर पुंगळी बाराच्या दाबाला टिकणार नाही. तापवलेल्या पुंगळीचं बूड २५० अंश सेल्सिअसच्या जवळही जाता कामा नये. थोडक्यात, बुडाशी धरलेल्या बोटांना चटका बसण्याआधी काम संपलं पाहिजे. पुंगळी पाण्यात टाकल्याने ती कडक होत नाही, पितळ लोखंडासारखं वागत नाही. पाणी फक्त उष्णता बुडाकडे पसरण्यापासून थांबवतं.

इशारा: भट्टीत, ओव्हनमध्ये किंवा तव्यावर पूर्ण पुंगळ्या तापवू नका. तसं केलेल्या पुंगळ्या वापरण्यालायक राहत नाहीत आणि बाहेरून पाहून ते कळतही नाही.

## टप्पा ६: वंगण

वंगण कमी पडलं तर पुंगळी डायमध्ये अडकते आणि जास्त झालं तर खांद्यावर खड्डे पडतात, कारण डायमध्ये वंगणाला जायला जागा नसते आणि तेच पितळ आत ढकलतं. अंगावर, विशेषतः खालच्या अर्ध्या भागावर, बोटाने पातळ थर द्या. खांद्यावर लावू नका. मानेच्या आत मात्र थोडं हवंच, ते का हे पुढे येईल. खांद्यावर बारीक खड्डा पडला तर घाबरू नका, बार झाल्यावर तो निघून जातो. पण लगेच डाय पुसा आणि हात आखडता घ्या.

पुंगळी अडकली तर प्रेसच्या (पुंगळी डायमध्ये ढकलणाऱ्या यंत्राच्या) लिव्हरवर लोंबकळू नका, बुडाची कड उपटून निघेल. डाय प्रेसमधून काढा, बुडात भोक पाडून आटे मारा आणि स्टक केस रिमूव्हरच्या बोल्टने ओढून काढा. मधली सुई आणि एक्स्पांडर (मान आतून रुंद करणारा गोळा) आधी शक्य तेवढा वर घ्या, नाहीतर ड्रिल त्यावर आदळतं.

## टप्पा ७: डाय लावणं, सगळ्यात महत्त्वाचं काम

डायसोबतच्या कागदावर बहुधा लिहिलेलं असतं की शेलहोल्डर (प्रेसमध्ये पुंगळीचं बूड धरणारा भाग) वर आणा, डाय त्याला टेकेपर्यंत फिरवा आणि मग पाव फेरा आणखी. ही सूचना कुठल्याही चेंबरमध्ये पुंगळी जाईल एवढ्याचसाठी असते, तुमच्या चेंबरसाठी ती लिहिलेली नाही. तसं केल्याने बऱ्याच रायफलींमध्ये खांदा सात-आठ थाऊंनी मागे जातो. बार झाला की पुंगळीचा पुढचा भाग चेंबरच्या भिंतीला चिकटतो आणि बूड मागे बोल्टपर्यंत ताणलं जातं. दर बाराला बुडाच्या वरचं पितळ थोडं पातळ होतं आणि चार-पाच वेळांत पहिल्या टप्प्यातली ती आतली खाच तयार होते.

बोल्ट अॅक्शनला खांदा एक ते दोन थाऊ मागे पुरतो. एआरसारख्या सेमी-ऑटोला तीन ते चार, कारण तिथे बोल्ट हाताने ढकलायचा नसतो, तो स्प्रिंगच्या जोरावरच पूर्ण बंद व्हायला हवा.

आता हे दोन थाऊ किती लहान आहेत ते पाहा. नेहमीच्या डायला इंचात १४ आटे असतात. म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात डाय ७१ थाऊ सरकतो आणि पाव फेऱ्यात १८. दोन थाऊंसाठी साधारण १० अंश फिरवायचं. घड्याळाच्या तबकडीवर मिनिटांच्या दोन खुणांमधलं अंतर सहा अंश असतं, तर दोन थाऊ म्हणजे दोन मिनिटांपेक्षाही कमी. डायच्या माथ्यावर मार्करने एक रेघ काढा, प्रेसवर दुसरी, आणि त्यांच्याकडे बघत फिरवा. नुसत्या हाताच्या अंदाजाने हे जमत नाही.

रीत अशी:

१. डाय शेलहोल्डरपासून एक फेरा वर ठेवा. वंगण लावलेली पुंगळी आत घाला, काढा, पुसा, मोजा.

२. पाव-पाव फेऱ्याने खाली या आणि दर वेळी मोजा. मध्येच लांबी कमी व्हायच्या ऐवजी वाढेल. इथे लोकांना वाटतं की कंपॅरेटर बिघडला. बिघडलेला नसतो. अंग बाजूंनी दाबलं जातं, पितळ पुढे सरकतं आणि खांद्याला डाय अजून टेकलेला नसतो. याच टप्प्यावर थांबलेल्यांच्या पुंगळ्या साइझ करण्याआधीपेक्षा जास्त जड जातात.

३. लांबी कमी व्हायला लागली की पाव फेरे बंद. आता दहा दहा अंश.

४. समजा झाडलेली पुंगळी १.६३२ होती. साइझ केलेली १.६३० आली की थांबा.

५. पुंगळी डायमध्ये असताना, प्रेसवर दाब कायम ठेवून लॉक रिंग घट्ट करा. दाब नसताना घट्ट केली तर आट्यांतला ढिलेपणा तुमचे दोन थाऊ खाऊन टाकतो.

६. आणखी पाच पुंगळ्या करून मोजा. त्या एक थाऊच्या आत जुळल्या पाहिजेत. कमी-जास्त येत असतील तर वंगण एकसारखं लावा आणि लिव्हर खाली दाबून दोन-तीन सेकंद थांबा. तरीही फरक राहिला तर मानेचं आणि खांद्याचं पितळ कडक आहे, टप्पा ५ कडे परत जा.

डाय शेलहोल्डरला घट्ट टेकला तरी खांदा मागे जात नसेल तर आणखी फिरवून उपयोग नाही. दुसरा शेलहोल्डर लावून पाहा. त्यांच्या उंचीत फरक असतो. उलट अडचण असेल, म्हणजे टेकल्यावर जास्त मागे जात असेल, तर दोन-दोन थाऊंनी उंच असलेले शेलहोल्डरचे संच मिळतात.

.३०३ ब्रिटिश किंवा .३०० विंचेस्टर मॅग्नमवाल्यांसाठी एक सांगायला हवं. पहिल्यात काडतूस कडेवर टेकतं आणि दुसऱ्यात बुडाजवळच्या पट्ट्यावर, म्हणून खांद्याकडे लक्षच जात नाही. याच काडतुसांच्या पुंगळ्या बुडाजवळ सगळ्यात लवकर तुटतात. पहिल्या बारानंतर त्यांनाही खांद्यावरूनच मोजा.

तपासा: शाईची चाचणी पुन्हा करा. बोल्ट न अडता बंद व्हायला हवा.

## टप्पा ८: मानेची पकड

साइझिंगनंतर पुंगळी बाहेर येताना एक्स्पांडरचा गोळा मानेतून ओढला जातो. मान कोरडी असेल तर किंचाळल्यासारखा आवाज येतो आणि गोळा मानेसोबत खांद्यालाही पुढे ओढतो. वर मेहनतीने मिळवलेले दोन थाऊ इथे परत जातात. डाय बरोबर लावूनही लांबी बदलत असेल तर बहुतेक वेळा हेच कारण असतं. मानेच्या आत ब्रशने थोडं वंगण किंवा ग्रॅफाइट लावलं की थांबतं.

पकड मोजायला, गोळी बसवलेल्या मानेचा बाहेरचा व्यास घ्या आणि साइझ केलेली मान त्यापेक्षा दोन-तीन थाऊ बारीक ठेवा. .३०८ ची गोळी आणि १५ थाऊ जाडीची भिंत असेल तर भरलेली मान .३३८ येते, तेव्हा साइझ केलेली .३३५ किंवा .३३६ हवी. गोळी अंगठ्याने टेबलाच्या कडेवर दाबून आत सरकत असेल तर ते काडतूस झाडू नका. गोळी आत सरकली की जागा कमी होते आणि दाब वाढतो.

## टप्पा ९: लांबी, साइझिंगनंतरच

.३०८ ची कमाल लांबी २.०१५ इंच आणि कापून ठेवायची २.००५. .२२३ साठी १.७६० आणि १.७५०. साइझिंगमध्ये पुंगळी लांब होते, म्हणून त्याआधी मोजलेली लांबी निरुपयोगी. ‘गेल्या वेळीच कापली होती’ हे कारण चालत नाही, कमालच्या आत आहे की नाही हे दर वेळी मोजायचं.

कापल्यावर तोंडाची आतली आणि बाहेरची धार हलक्या हाताने मारा. दोन-तीन फेरे पुरेत. सुरीसारखी पातळ धार केली तर तोंड तिथूनच चिरायला लागतं. आतली धार राहिली तर गोळी बसताना तिच्या अंगावरून तांब्याची साल निघते, ती काडतुसावर डोळ्यांना दिसते.

वंगण आता पूर्ण काढा. चेंबरमध्ये तेलकट पुंगळी गेली तर ती भिंतीला धरत नाही आणि सगळा धक्का बोल्टवर येतो.

## टप्पा १०: प्रायमरचा खळगा

नवा प्रायमर आत जाताना चेपला जात असेल तर बुडावर पाहा. लष्करी पुंगळ्यांत, उदाहरणार्थ एलसी शिक्क्याच्या लेक सिटीच्या, खळग्याच्या काठाला गोल दाब दिलेला असतो. तो स्वेजरने दाबून किंवा रीमरने काढायचा. रीमरने फार खरवडलं तर खळगा सैल होतो, दाब गेला की थांबा.

प्रायमर काहीच जोर न लागता आत गेला तर ती पुंगळी बाद. सैल खळगा म्हणजे बूड ताणलं गेलं आहे, आणि ते जास्त दाबाने होतं. एका गटात असे बरेच निघाले तर दारूचं माप खरंच तपासायची वेळ आली आहे.

बसलेला प्रायमर बुडाच्या पातळीपेक्षा दोन ते पाच थाऊ खाली हवा. प्रत्येकावरून बोट फिरवा. वर राहिलेला प्रायमर एआर किंवा एम१ गॅरंडसारख्या रायफलमध्ये बोल्ट बंद होतानाच फुटू शकतो, कारण तिथे फायरिंग पिन मोकळी हलते.

इशारा: भरलेल्या काडतुसात वर राहिलेला प्रायमर पुन्हा दाबून बसवायचा नाही. गोळी काढा, दारू ओता, मग पाहा.

## टप्पा ११: बार झाल्यावर पुंगळी वाचा

पहिले पाच बार झाडून थांबा आणि पुंगळ्या गोळा करा.

बोल्ट उघडायला जड, बुडावर इजेक्टरच्या भोकाची चमकदार खूण आणि सपाट झालेला प्रायमर हे तिन्ही एकत्र असतील तर दाब जास्त आहे. उरलेली काडतुसं झाडू नका, गोळ्या काढून टाका. फक्त प्रायमर सपाट असेल तर घाई करू नका. खांदा जास्त मागे ढकललेला असला की प्रायमर आधी मागे येतो आणि मग बूड त्यावर आदळतं, त्यानेही तो सपाट होतो.

हलक्या मापाच्या बारानंतर प्रायमर बाहेर डोकावत असेल तर दाब बूड मागे ढकलायला पुरला नाही आणि मध्ये मोकळी जागा राहिली. टप्पा ७ मधला आकडा पुन्हा तपासा.

मान काळी होऊन काजळी खांद्याच्या खाली उतरली असेल तर मान चेंबरला नीट चिकटली नाही. दाब फार कमी असेल किंवा मान कडक असेल. एक-दोन पुंगळ्या अॅनील करून त्याच मापाने झाडा. काजळी मागे हटली तर उत्तर मिळालं.

अंगावर उभी चीर एकाच पुंगळीत असेल तर पितळाचा दोष. प्रत्येक पुंगळीत एकाच जागी येत असेल तर चेंबर गनस्मिथला दाखवा.

पुंगळी तुटून पुढचा भाग चेंबरमध्ये राहिला तर दुसरं काडतूस मागून ढकलून तो काढायचा प्रयत्न करू नका. रायफल रिकामी करा, नळी सुरक्षित दिशेला ठेवा आणि त्या कॅलिबरचा ब्रोकन शेल एक्स्ट्रॅक्टर वापरा. मग त्या गटातली उरलेली सगळी काडतुसं घरी परत न्या. गोळ्या काढल्यावर प्रत्येक पुंगळीत तार फिरवून पाहा.

डब्यावर चिठ्ठी लावा: शिक्का, किती वेळा झाडल्या, झाडलेल्या पुंगळीचा आकडा, साइझ केल्यानंतरचा आकडा, शेवटची कापणी आणि शेवटचं अॅनीलिंग. पुढच्या वेळी डायला हात लावायच्या आधी पाच पुंगळ्या मोजा आणि त्या चिठ्ठीशी ताडून पाहा. एक थाऊपेक्षा जास्त फरक असेल तर टप्पा ३ पासून पुन्हा सुरुवात.